वर्षाचे तेरा महिने : घरातल्या पाच मोबाईलचा हिशेब

रातांबा (रविवार, रात्री)

मंडळी, आज दुपारी जेवणं आटोपल्यावर वही घेऊन बसलो आणि घरातल्या मोबाईलवर वर्षाला किती पैसे जातात ते एकदाचं मांडलं. गाव गुहागर तालुक्यात. समुद्रापासून तीनेक किलोमीटर आत, दोन डोंगरांच्या मधल्या घळीत आमची वाडी. घरात पाच नंबर आहेत.

आईचा पॅक १८९ चा. बाबांचा २९९, बायकोचा २९९. माझा ३४९, आणि मुलगा चिपळूणला कॉलेजात आहे, त्याचाही ३४९.

सगळे अठ्ठावीस दिवसांचे. म्हणजे वर्षात बारा नाही, तेरा वेळा पैसे भरायचे. आईचे २,४५७ झाले. बाबा आणि बायको प्रत्येकी ३,८८७, मी आणि मुलगा प्रत्येकी ४,५३७. बेरीज १९,३०५ रुपये. दोनदा केली, तीच आली.

माझी आंब्याची पन्नास कलमं आहेत. एका फवारणीला औषध, मजुरी आणि पंपाचं पेट्रोल धरून सात हजारांच्या आसपास जातात. म्हणजे पावणेतीन फवारण्यांचे पैसे नुसते फोन चालू ठेवण्यात जातात. यंदा मोहर गळला तेव्हा एक फवारणी मी पैशांअभावी पुढे ढकलली होती, म्हणून हा आकडा बघून जास्तच लागलं.

सगळ्यात जास्त खटकतो तो आईचा खर्च. तिचा बटणांचा साधा फोन. त्याला घरात रेंज नाही. फक्त माजघराच्या पूर्वेकडच्या खिडकीत दोन काड्या येतात, म्हणून तिने फोन धुतलेल्या दुधाच्या पिशवीत घालून खिडकीच्या गजाला टांगून ठेवलाय. वाजला की पदराला हात पुसत धावत येते आणि पिशवीसकट कानाला लावून, गजाला चिकटून उभी राहून बोलते. अर्धा हात बाजूला सरकली तरी आवाज तुटतो. महिन्यात माझ्या बहिणीचे मुंबईहून आठ-दहा फोन येतात, मामाचे दोन-तीन. ती स्वतःहून कुणाला लावत नाही. डेटा तिने आयुष्यात वापरलेला नाही. पण रिचार्ज संपला की येणारे फोनही बंद होतात, आणि गॅसचा नंबर, बँकेचा ओटीपी, सगळं त्याच नंबरावर.

तुम्ही सगळे घरचा हा खर्च कसा बसवता ते सांगा. आणि दुसरं, भाचा मागे लागलाय की आंबा, आगळ (कोकमाचा रस), काजू ऑनलाइन विकू, त्यात पैसा आहे. कुणी केलं असेल तर खरा अनुभव लिहा. हातात काय उरतं ते हवंय.

चाकरमानी (रविवार, रात्री)

रातांबा, हिशेब आवडला, पण माझं मत वेगळं आहे. आपण फार लवकर विसरतो. ३१ जुलै १९९५ ला ज्योती बसूंनी सुखराम यांना देशातला पहिला मोबाईल कॉल केला, तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता आणि आलेल्या फोनचेही पैसे पडायचे. इनकमिंग फुकट झालं २००३ मध्ये. माझे वडील राजापूरला एसटीडी बूथवर रांगेत उभे राहायचे, रात्री दहानंतर दर उतरायचे म्हणून. मुंबईत मी चाळीच्या मालकाकडे फोनची वाट बघत बसायचो.

जिओ यायच्या आधी, म्हणजे सप्टेंबर २०१६ च्या आधी, महिन्याला एक जीबीचे अडीचशे रुपये मोजायचो आणि तो जीबी पुरवून पुरवून वापरायचो. आज त्याहून थोड्याच जास्त पैशांत रोज दीड जीबी मिळतो. गणपतीला जायला मिळालं नाही त्या वर्षी मी आरती व्हिडिओवर बघितली. आईचा चेहरा दिसला. त्याला मी महाग म्हणणार नाही.

रातांबा (सोमवार, सकाळी)

चाकरमानी दादा, तुमचं एकेक वाक्य खरं आहे. जीबीच्या भावाबद्दल माझी तक्रारच नाही. पण माझी आई जीबी घेत नाही. ती पैसे भरते ते नंबर जिवंत राहावा म्हणून. २०१८ च्या आधी दहा रुपयांचा टॉपअप मारला की सहा-सहा महिने येणारे फोन चालू राहायचे, आठवतं का? त्या वर्षाअखेरीस ३५ रुपयांची किमान अट आली. मग ती वाढत वाढत कुठे पोचली ते बघा. जुलै २०२४ मध्ये तर तिन्ही खाजगी कंपन्यांनी एकाच आठवड्यात दर चढवले.

जास्त वापरणाऱ्याला स्वस्त झालं आणि न वापरणाऱ्याला महाग झालं, एवढंच माझं म्हणणं आहे. आणि न वापरणारी माणसं कोण, तर आपल्या गावात राहिलेली म्हातारी.

वाशिष्ठीकाठ (सोमवार, दुपारी)

चिपळुणात माझं मोबाईलचं दुकान आहे, सोळा वर्षं झाली. गिऱ्हाईक नाही तोवर सविस्तर लिहून घेतो.

रातांबा, आईसाठी डेटाचा पॅक मारूच नका. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलं की ज्यांना नुसतं बोलणं आणि एसएमएस हवंय त्यांच्यासाठी वेगळे पॅक ठेवा. जानेवारी २०२५ पासून ते आले. सुरुवातीला जास्त किमतीला आणले, मग थोडे उतरवले. ८४ दिवसांचे साडेचारशे ते पावणेपाचशेच्या दरम्यान, वर्षाचा १,८४९ चा. एका कंपनीचा १,७४८ चा आहे, तो स्वस्त दिसतो पण ३३६ दिवसांचाच आहे, दिवस नीट वाचून घ्या. भरताना आजचा दरही बघा, कारण हे बदलत असतात. ओटीपी एसएमएसनेच येतो, त्यामुळे या पॅकवर आईचं काही अडणार नाही.

हे पॅक ॲपमध्ये शोधायला खाली खाली जावं लागतं. पुढे दिसतात ते डेटाचेच. आणि आमच्यासारखे दुकानदारही सांगत नाहीत, हे मी उघड कबूल करतो. आमचं कमिशन टक्क्यावर, अडीच-तीन टक्के. वर्षातून एकदा येणाऱ्या माणसापेक्षा तेरा वेळा येणारा बरा असं वाटायचं. मी गेल्या वर्षापासून साठीच्या पुढच्या प्रत्येकाला विचारतो, “आजी, यावर व्हिडिओ बघता का?” नाही म्हणाल्या तर साधा पॅक मारून देतो. परवा तळ्यावरच्या वाडीतली एक आजी आली. नंबर पाठ नाही, काजूच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर नातवाने मोठ्या अक्षरात लिहून दिलेला, तो पुठ्ठा बटव्यात घडी करून. तिला चार वर्षं दर महिन्याला दीड जीबी रोजचा पॅक मारला जात होता. मारणारा मीच. त्या रात्री जेवण गेलं नाही मला.

नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची असेल तर १९०० वर मेसेज करून कोड घ्या, पण आधी घरात त्या कंपनीची रेंज बघा. शेजाऱ्याचं सिम तासभर आईच्या खिडकीत लावून बघा. एकदा गेलात की नव्वद दिवस परत बदलता येत नाही.

दुसरी गोष्ट. २२ जुलै २०२१ च्या पुरात माझ्या दुकानात माळ्यापर्यंत पाणी होतं. नुकसान सोसलं, ते जाऊ दे. पण त्या दिवशी वीज गेली, टॉवर बंद पडले, आणि शहरातल्या माणसाला समोरच्या इमारतीतल्या माणसाची खबर कळेना. माझा भाऊ पेठमापला गच्चीवर होता, मी खेंडीत. दीड दिवस आम्हाला एकमेकांचं काही माहीत नव्हतं. फोनला मी तेव्हापासून चैन म्हणत नाही. पण ज्या सेवेवर आपण इतके टेकलोय तिने पावसाळ्यात टॉवरला डिझेल आणि बॅटरी भरून ठेवली पाहिजे, हे मागायचा आपल्याला हक्क आहे. पैसे तेरा महिन्यांचे देतो आपण.

हर्णैची (सोमवार, रात्री)

वाशिष्ठीकाठ भाऊ, खरं लिहिलंत. माझ्या सासूबाईंचा पॅक उद्याच बघते.

माझं वेगळं सांगते. मी मासळी विकते. बंदरावर संध्याकाळी लिलावात माल उचलायचा तर रोख लागते. बाजारात मात्र गिऱ्हाईक शंभराची कोळंबी घेऊन पण क्यूआर मागतं. यूपीआयला आम्हाला टक्का काही पडत नाही, हे चांगलं आहे, आणि सुट्ट्याची कटकट गेली. पण पैसे आले की बोलून सांगणाऱ्या डब्याचं भाडं महिन्याला कापलं जातं आणि पैसे राहतात बँकेत. चार वाजता एटीएमवर गेलं तर त्यात पैसे नाहीत. मग लिलावात उधारी, आणि उधारीने घेतलं की भाव चढा लागतो. एका टोपलीमागे पन्नास-साठ रुपये तरी. हा खर्च कुणाच्या हिशेबात दिसत नाही म्हणून लिहिला.

गलबत (सोमवार, रात्री उशिरा)

रातांबा भाऊ, तुमचो हिशेब वाचलंय. बरोबर मांडलास. पण माझा एक गाऱ्हाणा ऐका. १ जूनक आमी होडी वर ओढतव ती ३१ जुलैपर्यंत. बंदी आसता, आणि ती बरोबरच आसा, माशांक पिल्ला घालूक येळ मिळाक व्हयो. पण ते दोन म्हयने घरात एक पैसो येणा नाय. रिचार्ज मात्र अठ्ठावीस दिवसांनी दारात उभोच.

पुढचं सगळ्यांना कळावं म्हणून साध्या मराठीत लिहितो. आमचं उत्पन्न हंगामाचं आहे. ऑगस्ट-सप्टेंबरला बांगडा लागला तर आठवड्यात वीस हजार, आणि नाही लागला तर डिझेलपण सुटत नाही. तुमचा आंबा एप्रिल-मेचा. हॉटेलवाल्याचं दिवाळी, नाताळ आणि मे. कोकणात महिन्याच्या महिन्याला पगार येतो तो मास्तरला आणि चाकरमान्याला. आणि ही सगळी ऑनलाइनची पद्धत बांधली आहे ती पगारदारावर. रिचार्ज महिन्याचा, हप्ता महिन्याचा, डब्याचं भाडं महिन्याचं, टीव्हीचं पण तसंच.

फोन नको असं मी म्हणणार नाही. समुद्रात बारा-पंधरा वाव खोल पाण्यापर्यंत रेंज धरते, त्यापुढे नाही. पण निघायच्या आधी हवामान खात्याचा इशारा फोनवर येतो, मासे कुठे सापडतील त्याची माहिती हैदराबादच्या इन्कॉइसकडून फुकट मिळते. मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ आलं, तेव्हा दोन दिवस आधी खबर मिळाली म्हणून आमच्या वाड्यातल्या होड्या वर काढल्या. माझ्या बापाच्या वेळेला असा वादळ दर्यातच गाठायचा. त्यामुळे या यंत्राचे उपकार मी मानतो. मागणं एवढंच की पैसे भरायची वेळ आमच्या हंगामाप्रमाणे असू दे.

निवृत्त रोखपाल (मंगळवार, सकाळी)

गलबत यांनी नेमकी जागा दाखवली. मी रत्नागिरीत बँकेत एकतीस वर्षं काउंटरवर होतो. मे अखेरीस आंब्याचे पैसे खात्यात यायचे आणि गणपतीपर्यंत संपायचे, हे मी दरवर्षी बघितलं आहे.

आपल्या आया याला उत्तर काढून बसल्या होत्या. आगोट. पाऊस सुरू व्हायच्या आत तांदूळ, मिरची, सुकट, लाकडं, आमसुलं, सगळं भरून ठेवायचं, कारण पुढचे चार महिने ना बाजार ना पैसा. तसाच रिचार्ज आगोटीत भरा. मे महिन्यात हातात पैसे असतात तेव्हा वर्षाचा पॅक घेऊन टाका. वर्षभराचे डेटाचे पॅक ३,५९९ च्या घरात आहेत. रातांबा, तुमचे आणि मुलाचे ४,५३७ होतात, तिथे प्रत्येकी ९३८ वाचतील. शिवाय पावसाळ्यात “पॅक संपला” म्हणून टेकडीवर पळायला नको.

मात्र वर्षाचे पैसे आधी भरायचे तर रेंजची खात्री करूनच. पैसे गुंतले की कंपनी बदलणं अवघड.

आता पैशाचाच विषय निघाला आहे तर एक काळजीची गोष्ट लिहितो. आमच्या शेजारच्या वाडीत एका बागायतदाराच्या मुलाने मोबाईलवरच्या पत्त्यांच्या खेळात बापाचे आंब्याचे पैसे घालवले. एक लाख ऐंशी हजार. पहिल्या आठवड्यात त्याला चार हजार मिळाले होते, तिथेच तो अडकला. बापाला कळलं ते खतवाल्याचा धनादेश परत आला तेव्हा. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी आणली, ती मला मनापासून योग्य वाटते. काही लोक म्हणतात धंदे बुडाले, नोकऱ्या गेल्या. मी त्या बापाला काउंटरवर बघितलं आहे.

आणि “डिजिटल अटक” नावाची कुठलीही गोष्ट कायद्यात नाही. व्हिडिओवर पोलिसांचा वेष घालून कुणी बसवून ठेवलं तर फोन बंद करा आणि १९३० या सायबर मदत क्रमांकाला लावा. पैसे गेले असतील तर पहिल्या तासा-दोन तासांत लावा, पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता तेव्हाच असते. हे घरातल्या ज्येष्ठांना एकदा बसवून सांगा. वाचायला देऊन भागत नाही.

आगळवाली (मंगळवार, दुपारी)

रातांबा दादा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देते. आमचा कुडाळजवळ अकरा बायकांचा बचतगट आहे. आगळ, आमसुलं, फणसपोळी, कुळथाचं पीठ. २०२२ मध्ये आम्ही एका मोठ्या ऑनलाइन बाजारावर नाव नोंदवलं. आकडे माझ्या वहीतले आहेत.

आगळाची ७०० मिलीची बाटली, विक्री ३०० रुपये. त्यातून कमिशन, पाठवणावळ, ठरावीक फी, आणि या सगळ्यावर जीएसटी, मिळून ११८ गेले. बाटली, बूच, खोका ३२. राहिले १५०. त्यातले रातांबे, मीठ आणि बायकांची मजुरी ११०. हातात ४०. आणि एक बाटली फुटून परत आली की पाच बाटल्यांची कमाई गेली, कारण परतीचं भाडंही आम्हालाच. पहिल्या पावसाळ्यात चौदा बाटल्या फुटल्या. बाटलीचा रस सांडून खोका लाल झालेला, त्याचा फोटो काढून गिऱ्हाईकाने एक तारा दिला. त्या दिवशी आमच्या गटातली सगळ्यात मोठी बाई, जी रातांबे फोडायला पहाटे पाचला येऊन बसते, तिने मला विचारलं, “म्हणजे आपला आगळ वाईट हाय काय?” मला तिला समजावता आलं नाही की चूक खोक्याची होती.

मग आम्ही ते बंद केलं. व्हॉट्सॲपचा गट केला. डोंबिवली, ठाणे, कोथरूड, प्रत्येक ठिकाणी ओळखीतलं एक घर. ते घर आपल्या सोसायटीची मागणी गोळा करतं. आम्ही चोवीस बाटल्यांचा एक खोका रात्रीच्या लक्झरीच्या डिकीत टाकतो, बाटल्यांमध्ये भाताचा पेंढा. दोन वर्षांत तीन बाटल्या फुटल्या. २६० ला विकतो, गिऱ्हाईकाला चाळीस रुपये स्वस्त, आणि आम्हाला भाडं जाऊन बाटलीमागे शंभर सुटतात. पैसे यूपीआयवर आधी. बासष्ट घरं कायमची आहेत आता.

अन्नपदार्थ विकताय म्हणून एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी घ्याच, २०२२ मध्ये बारा लाखांच्या आतल्या उलाढालीला वर्षाला शंभर रुपये फी होती. आणि राज्याच्या आत ऑनलाइन बाजारावर विकायला लहान विक्रेत्याला जीएसटी क्रमांकाची सक्ती होती, ती ऑक्टोबर २०२३ पासून सैल झाली आहे, नुसत्या नावनोंदणीवर चालतं. पुढे कधी तिकडे जायचं झालं तर उपयोगी पडेल.

परतलेला (मंगळवार, रात्री)

आगळवाली ताईंचं वाचून मला लिहायलाच हवं असं वाटलं. हे मी आजवर चारचौघांत सांगितलेलं नाही.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये होतो. २०२१ साली नोकरी सोडून दोन मित्रांबरोबर देवगडचा हापूस थेट ग्राहकाला पोचवणारं ॲप काढलं. तेव्हा वातावरणच तसं होतं. झोमॅटोचे शेअर बाजारात आले होते, सगळे म्हणायचे की आधी गिऱ्हाईक जमवा, नफ्याचं पुढे बघू. दलाल गेला की बागायतदाराला दुप्पट भाव मिळेल, असं आम्हाला अगदी मनापासून वाटत होतं. माझ्या वडिलांचीच बाग होती, दलालाने काय केलंय ते मी लहानपणापासून बघितलेलं.

हिशेब असा झाला. पाच डझनाच्या पेटीमागे आम्हाला तीनशे रुपये सुटत होते. एक नवीन गिऱ्हाईक जाहिरातीतून आणायला साडेचारशे पडत होते. म्हणजे त्याने दोनदा घेतलं तरच काही उरणार. पण पहिल्या पेटीला सवलत दिली म्हणून आलेला माणूस दुसऱ्यांदा येत नाही, तो पुढच्या सवलतीकडे जातो. आंबा चालतो जेमतेम सत्तर दिवस. सर्व्हर, ॲपची देखभाल आणि एका मुलाचा पगार बारा महिने. जून ते मार्च ॲप उघडणारं कुणी नाही, आणि खर्च चालू. गलबत यांनी लिहिलंय तेच आमचंही झालं. हंगामी मालावर आम्ही बारमाही खर्चाचा डोलारा उभा केला.

दुसऱ्या हंगामात मेच्या पहिल्या आठवड्यात उष्णतेने फळ भाजलं, साक्याचं, म्हणजे आतून गर खराब होण्याचं, प्रमाण वाढलं. साका कापल्याशिवाय दिसत नाही. गिऱ्हाईकाने कापलं, फोटो पाठवला, पैसे परत मागितले. त्याचं बरोबरच होतं. आम्ही एकशे दहा पेट्यांचे पैसे परत केले आणि तिथे दुकान बंद केलं. माझे आणि मित्रांचे मिळून अकरा लाख गेले. नोव्हेंबर २०२१ मध्ये पेटीएमचा २,१५० चा शेअर पहिल्याच दिवशी सत्तावीस टक्के पडला, तेव्हाच आम्ही थांबून विचार करायला हवा होता. एवढ्या मोठ्यांना जे झेपत नाही ते आमच्यासारख्यांना कसं झेपणार होतं?

माझ्या मनातून एक गोष्ट गेली नाही. बंद करायचं ठरलं त्या दिवशी वडील खळ्यात आढी लावत होते. गवताच्या थरावर फळ ठेवायचं, मग वर गवत. मी सांगितलं. त्यांनी हातातलं फळ ठेवलं, पुढचं उचललं आणि म्हणाले, “पेट्या किती भरायच्यात ते सांग. गिऱ्हाईक थांबलंय.” त्या वर्षी आम्हाला स्वतःहून फोन करणारी चाळीस घरं होती. ॲपमधून एकही नव्हतं, सगळी वडिलांच्या ओळखीची किंवा त्यांनी कुणाला सांगितलेली.

आज मी गावात आहे. त्याच चाळीस घरांची एकशे तीस झाली आहेत. साधी फोनमधली यादी, यूपीआय, आणि पेटीत वडिलांच्या हस्ताक्षरातली चिठ्ठी : फळ कोणत्या तारखेला उतरवलं, कधी खायचं. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी. बागायतदाराने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्यावी. बाहेरचा आंबा देवगडच्या नावाने विकला जातो, त्यापुढे आपल्याकडे दाखवायला तेवढंच आहे. भाच्याला माझ्याशी बोलायला सांगा, मी सगळ्या वह्या दाखवीन.

चाकरमानी (बुधवार, सकाळी)

दोन दिवस वाचतोय. रातांबा, माझं मत अर्धं बदललं. माझ्या आईचा पॅक मीच मुंबईतून ॲपवर मारतो, समोर येईल तो. काल रात्री बघितलं तर वर्षाकाठी चार हजारांच्या जवळ भरत होतो आणि तिचा डेटा वापर महिन्याला शून्य. व्हिडिओ कॉल ती शेजारच्या मुलीच्या फोनवरून करते हे मला माहीतच नव्हतं. तिने कधी सांगितलं नाही. काल साधा वर्षाचा पॅक मारला.

अर्धं बदललं म्हणतो, कारण स्वस्त डेटाने गावातल्या मुलांना जे मिळालं ते मी कमी लेखणार नाही. माझा पुतण्या राजापुरात राहून स्पर्धा परीक्षेची व्याख्यानं फोनवर ऐकतो. त्याच्यासाठी आम्हाला पुण्यात खोली घ्यावी लागली असती.

दोन खोल्या (बुधवार, दुपारी)

तारकर्लीला आमच्या दोन खोल्या आहेत, पर्यटकांसाठी. बुकिंगच्या साइटवर पंधरा ते अठरा टक्के जातात. पण सगळं वाईट नाही, पहिल्या वर्षी आम्हाला कोण ओळखत होतं? आता आलेला पाहुणा जाताना नंबर घेऊन जातो, पुढच्या वेळी थेट फोन करतो. साइटला मी ओळख करून देण्याचे पैसे समजते. परतलेला यांच्याशी सहमत, ओळख झाल्यावर ती जपणं आपल्या हातात.

वाशिष्ठीकाठ (बुधवार, संध्याकाळी)

रेंजबद्दल खूप जणांनी व्यनि (खाजगी निरोप) केले, इथेच लिहितो. बीएसएनएलने जुलै २०२४ मध्ये दर वाढवले नव्हते म्हणून बरेच जण तिकडे गेले. २७ सप्टेंबर २०२५ पासून त्यांची स्वदेशी फोरजी देशभर सुरू झाली आहे. काही वाड्यांत फक्त त्यांचीच रेंज लागते, काही ठिकाणी अजिबात नाही. त्यामुळे मी परत सांगतो, शेजाऱ्याचं सिम मागा, आपल्या घरात, आपल्या खिडकीत, पावसाच्या दिवशी लावून बघा. उन्हाळ्यात मिळालेली रेंज झाडं हिरवी झाली की पडते, हे घळीत राहणाऱ्यांना सांगायला नको.

रातांबा (गुरुवार, रात्री)

सगळ्यांचे मनापासून आभार. काय केलं ते लिहितो.

शेजारच्या काकूंचं सिम आईच्या खिडकीत लावून बघितलं. काडी तीच, म्हणून कंपनी बदलली नाही. आईला १,८४९ चा साधा वर्षाचा पॅक मारला. बाबांशी बोललो. ते भजनं ऐकतात तीही रात्री घरात, बायकोच्या फोनवरून जोडून दिली तर चालतील म्हणाले, त्यांनाही तोच पॅक. आम्ही तिघे ३,५९९ च्या पॅकवर जाणार. सगळं मिळून १४,४९५ होतात, म्हणजे ४,८१० वाचले. आईचा आणि बाबांचा आत्ताच भरला. तिघांचा मेमध्ये आंब्याचे पैसे आले की. बायकोने कॅलेंडरवर २० मेच्या चौकटीत “आगोट – मोबाईल” असं लिहून ठेवलंय, मिरची आणि तांदळाच्या खाली.

आईला सांगितलं, आता वर्षभर बघायला नको. ती म्हणाली, “मग ताईला सांग, रविवारी दोनदा लाव म्हणून.” तिला इतकी वर्षं वाटत होतं की आलेला फोन लांबला तर तिचे पैसे जातात. म्हणून दोन-चार वाक्यांत आटपायची. आम्हाला वाटायचं तिला बोलायला आवडत नाही.

भाच्याने परतलेला यांचं सगळं वाचलं. रविवारी तो तुमच्याकडे येतोय, वह्या बघायला. आगळवाली ताई, आमच्याकडे रातांबे आहेत पण करणारं माणूस नाही. तुमच्याकडे विकत पाठवता येतील का, किती लागतात आणि भाव काय धरता, ते कळवा. व्यनि केला आहे.

आगळवाली (गुरुवार, रात्री)

व्यनि मिळाला दादा. पिकलेलेच लागतात, झाडाखाली पडलेले नकोत. मेच्या दुसऱ्या आठवड्यात दोनशे किलो पाठवा, मधल्या रस्त्याने आमचा टेम्पो येतो. भाव तेव्हाचा, पैसे त्याच दिवशी.